शर्करांची बेरीज लेबलावरच करा

प्रति,
माननीय सदस्य,
अन्न-लेबलिंग समिती, कोडेक्स अलिमेंटेरियस आयोग

विषय : घटकांच्या यादीत सर्व शर्करा एकत्र दाखवणे आणि मुक्त शर्करेचे प्रमाण स्वतंत्र ओळीत छापणे याबाबत.

सन्माननीय सदस्यहो,

पाकीटबंद खाद्यपदार्थाच्या मागच्या बाजूला घटकांची यादी आणि पोषणमूल्यांचा तक्ता असे दोन मजकूर असतात. दोन्ही आपापल्या जागी खरे असतात, नियमाला धरून असतात, आणि तरीही दोन्ही लक्षपूर्वक वाचून झाल्यावर ‘यात शर्करा घातली किती?’ या साध्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक देशांतल्या ग्राहकाला मिळत नाही. यादी शर्करांची नावे सांगते पण प्रमाण सांगत नाही. तक्ता प्रमाण सांगतो पण ती शर्करा आली कुठून, हे सांगत नाही. लोकांना साखरेविषयी नीट समज नाही, त्यांचे प्रबोधन केले पाहिजे, असे परिसंवादांतून वारंवार म्हटले जाते. मी विज्ञान शिकवते, त्यामुळे प्रबोधनाला माझा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु जी माहिती छापलेलीच नाही ती कितीही शिकलेल्या माणसाला वाचता येणार नाही, म्हणून हे पत्र ग्राहकांना न लिहिता तुम्हाला लिहीत आहे.

तुम्हालाच का, तेही सांगते. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून १९६३ मध्ये उभ्या केलेल्या या आयोगाची मानके कोणत्याही देशावर आपोआप बंधनकारक होत नाहीत, हे खरे आहे. पण अनेक देश आपले लेबलविषयक कायदे त्यांवरूनच बेततात आणि जागतिक व्यापार संघटनेतील वादांतही त्यांचा आधार घेतला जातो. कोणत्या माशाला ‘सार्डिन’ म्हणावे यावरून पेरू आणि युरोपीय संघ यांच्यात जो वाद झाला, त्याचा निकाल २००२ मध्ये कोडेक्सच्या मानकाच्या आधारे पेरूच्या बाजूने लागला. डब्यावरच्या एका नावासाठी दोन पक्ष इतके लढू शकतात, तर शर्करेच्या नावांबद्दल तुम्ही काय ठरवता ही किरकोळ बाब नव्हे.

आधी शब्दांचा हिशेब मिटवून घेते. या पत्रात साखर म्हणजे रोजची दाणेदार साखर, म्हणजेच सुक्रोज. शर्करा म्हणजे सर्व एकशर्करा आणि द्विशर्करा. तुमच्या १९८५ च्या पोषण-लेबलिंगविषयक मार्गदर्शक सूत्रांतली व्याख्याही हीच आहे. ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि गॅलॅक्टोज या एकशर्करा. ग्लुकोज व फ्रुक्टोज जोडले गेले की सुक्रोज होते, ग्लुकोज व गॅलॅक्टोज जोडले गेले की दुधातले लॅक्टोज होते, आणि ग्लुकोजचे दोन रेणू जोडले गेले की माल्टोज होते. अन्नातल्या शर्करांचा जवळजवळ सारा कारभार या सहा नावांत आटोपतो. लेबलावर मात्र हीच मंडळी डेक्स्ट्रोज, ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, कॉर्न सिरप, मध, मोलॅसिस, माल्टचा अर्क, खजुराचे सिरप, फळांच्या रसाचे कॉन्सन्ट्रेट अशा कितीतरी वेशांत येतात. ही नावे खोटी नाहीत आणि त्यांतली बहुतेक खाद्यतंत्रज्ञानाच्या दृष्टीने आवश्यकही आहेत, कारण ग्लुकोज सिरप जे काम करते ते दाणेदार साखर करत नाही. सिरपामुळे चॉकलेटच्या आतले सारण खरखरीत होत नाही, केक लवकर कोरडा पडत नाही. तेव्हा पाच प्रकारच्या शर्करा वापरणारा प्रत्येक उत्पादक लबाडच असतो असे मी म्हणत नाही. तक्रार आहे ती यादीच्या नियमाबद्दल.

तुमच्या १९८५ च्या सर्वसाधारण लेबलिंग मानकानुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात. नियम चांगला आहे, कारण पहिले दोन-तीन शब्द वाचूनच पदार्थ कशाचा आहे याचा अंदाज यावा, ही त्यामागची भूमिका आहे. आता न्याहारीच्या एखाद्या ओट्सच्या वडीची यादी कल्पून पाहू. शंभर ग्रॅम मिश्रणात ओट्स २८ ग्रॅम, सुकी फळे १४, तेल १३, साखर १२, ग्लुकोज सिरप १०, मध ६, सफरचंदाच्या रसाचे कॉन्सन्ट्रेट ५, आणि उरलेल्या १२ ग्रॅममध्ये दाणे, बिया, दुधाची पावडर, मीठ वगैरे. छापताना यादी ‘ओट्स, सुकी फळे, तेल, साखर’ अशी सुरू होते; साखर चौथ्या क्रमांकावर, म्हणजे ठीकच की, असे वाटून वाचणारा पाकीट टोपलीत टाकतो. प्रत्यक्षात गोडीसाठी घातलेले चार घटक मिळून ३३ ग्रॅम होतात आणि ओट्सला मागे टाकून सर्वांत वर बसतात. पैसे चार खिशांत विभागून ठेवले म्हणून माणूस गरीब होत नाही, पण आजचा नियम तसे दिसू देतो. उत्पादकाने एक शब्दही खोटा न लिहिता यादीचा मूळ हेतूच निकामी होतो, आणि वाचणाऱ्याला बेरीज करायची म्हटली तरी करता येत नाही, कारण प्रत्येक घटकाचे वजन त्याला सांगितलेलेच नसते.

यावर उपाय शोधायला दूर जायची गरज नाही. तुमच्या समितीचे यजमानपद ज्या कॅनडाकडे आहे, त्याच देशाने २०१६ च्या अखेरीस केलेल्या नियमबदलात तो केलेला आहे. तिथे सर्व शर्करायुक्त घटक ‘शर्करा’ या एका शीर्षकाखाली कंसात एकत्र लिहावे लागतात आणि त्या शीर्षकाची यादीतली जागा सगळ्यांच्या एकत्रित वजनावरून ठरते. आमची कल्पित वडी तिथे विकायची झाली, तर यादी ‘शर्करा (साखर, ग्लुकोज सिरप, मध, सफरचंदाच्या रसाचे कॉन्सन्ट्रेट), ओट्स, सुकी फळे’ अशी सुरू होईल. घटक तेच, कृती तीच, एकाही घटकाचे नेमके वजन उघड झालेले नाही, म्हणजे पाककृतीचे गुपित शाबूत. आणि तरीही वाचणाऱ्याला जे कळायला हवे ते पहिल्याच शब्दात कळते.

या पद्धतीत कंसातली नावे कायम राहतात, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. सरसकट ‘शर्करा’ एवढाच शब्द छापून मोकळे व्हावे, अशी सूचना कुणी केली तर तिला माझा विरोध राहील. जन्मतः फ्रुक्टोज पचवता न येण्याचा जो आनुवंशिक विकार आहे, त्यातल्या रुग्णाला फ्रुक्टोज, सुक्रोज आणि सॉर्बिटॉल हे तिन्ही टाळावे लागतात. गॅलॅक्टोसेमिया, म्हणजे शरीराला गॅलॅक्टोज वापरता न येण्याचा विकार, असलेल्या बाळाला लॅक्टोज चालत नाही. अशा घरांत कंसातला एकेक शब्द वाचूनच पदार्थ ताटात येतो. गट हवा आणि नावेही हवीत.

आता तक्त्याकडे येते, कारण खरी अडचण तिथे आहे. तुमच्या सूत्रांनुसार तक्त्यात एकूण शर्करा दाखवायची असते. फळांच्या स्वादाच्या योगर्टवर ‘एकूण शर्करा : दर १०० ग्रॅममागे १३ ग्रॅम’ असे छापलेले आहे असे समजा. त्यातली चार ते पाच ग्रॅम दुधातली, म्हणजे लॅक्टोज, जी साध्या योगर्टमध्येही असतेच. उरलेल्या आठ-नऊ ग्रॅमपैकी थोडी फळांच्या तुकड्यांतली, बाकीची वरून घातलेली. हे मी सांगू शकते कारण दुधात लॅक्टोज साधारण किती असते हे मला ठाऊक आहे. ज्याला ते ठाऊक नाही त्याच्यापुढे १३ हा नुसता आकडा आहे. तो घाबरून साधे योगर्टही बंद करेल, नाहीतर ‘दुधात शर्करा असतेच’ हे अर्धसत्य ऐकून निर्धास्त होईल. दोन्ही चुका एकाच ओळीतून जन्माला येतात.

जागतिक आरोग्य संघटनेने, म्हणजे तुमच्याच एका मातृसंस्थेने, २०१५ मध्ये जी शिफारस केली ती एकूण शर्करेबद्दल नाही, ‘मुक्त शर्करे’बद्दल आहे. उत्पादकाने, स्वयंपाक करणाऱ्याने किंवा खाणाऱ्याने घातलेल्या शर्करा, तसेच मध, सिरपे, फळांचे रस आणि त्यांची कॉन्सन्ट्रेट यांत निसर्गतः असलेल्या शर्करा मुक्त शर्करेत मोडतात. अख्ख्या फळातली आणि दुधातली शर्करा मोडत नाही. दिवसाच्या एकूण ऊर्जेपैकी दहा टक्क्यांहून कमी ऊर्जा मुक्त शर्करेतून यावी, आणि जमल्यास पाच टक्क्यांहून कमी, असे ती शिफारस सांगते. २,००० किलोकॅलरींच्या आहारात याचा अर्थ अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम. म्हणजे एक संस्था लोकांना अमुक इतकेच खा असे सांगते आणि तिच्याच सहभागाने चालणाऱ्या आयोगाची सूत्रे तो आकडा पाकिटावर मागतच नाहीत. हा विरोधाभास काही वर्षांचा झाला असून तो तसाच ठेवण्याचे समर्थ कारण माझ्या वाचनात आलेले नाही.

जे कारण नेहमी दिले जाते ते असे, की प्रयोगशाळेत घातलेली आणि मूळची शर्करा वेगळी ओळखता येत नाही. हे खरे आहे. सफरचंदातला फ्रुक्टोजचा रेणू आणि सिरपातला फ्रुक्टोजचा रेणू यांत फरक नाही, आणि माझ्या विषयाच्या दृष्टीने ही गोष्ट लोकांना समजली तर मला आनंदच होईल. पण उत्पादकाला स्वतःच्या कारखान्यात काय ओतले हे शोधायला प्रयोगशाळा लागत नाही, त्याची नोंदवही पुरते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ च्या नियमाने तक्त्यात ‘घातलेली शर्करा’ ही वेगळी ओळ सक्तीची केली, तिच्यासाठी दिवसाला ५० ग्रॅम हा संदर्भ-आकडा ठरवला, आणि तपासणीचा प्रश्न उत्पादकांकडून नोंदी मागून सोडवला. तिथली व्याख्या मला पूर्णपणे मान्य नाही, कारण शंभर टक्के फळरसातली शर्करा ती घातलेली मानत नाही. पण मोजता येत नाही ही सबब मात्र त्या नियमाने कायमची मोडीत काढली आहे.

फळरसाचा मुद्दा निघालाच आहे तर त्यावर थोडे अधिक लिहिते, कारण लोकांची सर्वाधिक फसगत इथे होते. सफरचंदाच्या रसात दर १०० मिलिलिटरला सुमारे १० ग्रॅम शर्करा असते आणि साखर घातलेल्या कोलातही जवळपास तेवढीच. अडीचशे मिलिलिटरच्या एका पेल्यात २५ ग्रॅमच्या आसपास; म्हणजे ती कठोर, पाच टक्क्यांची मर्यादा एका पेल्यातच संपली. बाटलीवर ‘साखर घातलेली नाही’ असे लिहिलेले असते आणि ते अक्षरशः खरे असते. रसात जीवनसत्त्वे असतात, कोलात नसतात, हेही मान्य. पण शर्करेपुरते पाहिले तर वाचणाऱ्याच्या मनात जे चित्र उभे राहते ते चुकीचे असते. मधाचेही तसेच. तुमचे १९८१ चे मधाचे मानकच फुलांच्या मधात फ्रुक्टोज आणि ग्लुकोज मिळून १०० ग्रॅममागे किमान ६० ग्रॅम असले पाहिजे अशी अट घालते, म्हणजे भरपूर शर्करा असणे हे अस्सल मधाचे लक्षणच तुम्ही मानता. मग ‘साखरेऐवजी मध’ असे मिरवणाऱ्या बिस्किटावर मुक्त शर्करेचा आकडा छापायला कुणाची हरकत असावी?

‘शर्करा घातलेली नाही’ या दाव्याबद्दलच्या तुमच्या अटी खरे तर कौतुकास्पद आहेत. कोणतीही शर्करा घातलेली नसावी. जॅमसारखा शर्करायुक्त घटक नसावा. सुक्या फळांचा लगदा किंवा रसाचे कॉन्सन्ट्रेट साखरेच्या जागी वापरलेले नसावे. आणि विकरांच्या (एन्झाइमांच्या) साहाय्याने स्टार्च फोडून शर्करा वाढवलेली नसावी, इतका बारीक विचार तुमच्या दाव्यांविषयीच्या सूत्रांत केलेला आहे. शेवटची अट तर फारच मार्मिक आहे, कारण धान्यापासून पेय बनवताना विकरांनी स्टार्च फुटून माल्टोज तयार होते आणि पेय गोड लागते, मात्र यादीत धान्य आणि पाणी एवढेच दिसते. याचा अर्थ शर्करा मागच्या दाराने कशी येते हे समितीला पुरेपूर माहीत आहे. पण ही सारी दक्षता उत्पादकाने दावा केला तरच लागू होते. दावा न करणाऱ्या हजारो पदार्थांवर तीच शर्करा निनावी राहते. दाव्यासाठी जी व्याख्या तयार आहे ती तक्त्यासाठी वापरता यावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

उलट बाजूची एक गोष्टही प्रांजळपणे सांगायला हवी. शर्करेचा आकडा सुधारला म्हणजे सगळे सुधारले असे होत नाही, आणि मधुमेह असलेल्या वाचकाच्या बाबतीत तर त्या एका आकड्यावर विसंबणे धोक्याचेही ठरते. माल्टोडेक्स्ट्रिन घ्या. ग्लुकोजच्या आखूड साखळ्यांचा हा पदार्थ फारसा गोड नसतो आणि मोठ्या साखळ्या एकशर्करा-द्विशर्करांच्या व्याख्येत बसत नसल्यामुळे शर्करेच्या ओळीत जवळजवळ दिसत नाही. आतड्यात मात्र तो झपाट्याने फुटून त्याचे ग्लुकोजच होते. मैद्याचेही शेवटी ग्लुकोजच होते. ‘शुगर फ्री’ बिस्किटात शर्करा अर्धा ग्रॅम आणि कर्बोदके सत्तर ग्रॅम असू शकतात, आणि रक्तातील ग्लुकोजला त्या सत्तरांचाच हिशेब लागतो. शर्करेची ओळ ही कर्बोदकांच्या ओळीचा एक भाग आहे, हे तक्त्याच्या मांडणीतून, ओळ किंचित आत सरकवून आणि ‘त्यांपैकी’ हा शब्द घालून, प्रत्येक देशात ठळकपणे दिसले पाहिजे. ‘शुगर फ्री’साठी तुम्ही ठरवलेली १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटरमागे अर्ध्या ग्रॅमची मर्यादा योग्य आहे, पण जिथे हा हिशेब एका वाढणीवर केला जातो आणि अर्ध्या ग्रॅमच्या आतले प्रमाण शून्य लिहिण्याची मुभा असते, तिथे अर्ध्या ग्रॅमहून हलकी मिंटची गोळी जवळपास निव्वळ साखरेची असूनही तक्त्यात शून्य दाखवू शकते. शंभर ग्रॅमचा स्तंभ सक्तीचा असावा, वाढणीचा हवा तर सोबत असावा.

नावांच्या भीतीबद्दलही दोन शब्द. हाय फ्रुक्टोज कॉर्न सिरप म्हणजे विष आणि ‘नैसर्गिक’ साखर म्हणजे पोषण, अशी जी विभागणी लोकांच्या मनात बसली आहे ती रसायनशास्त्राला धरून नाही. शीतपेयांत वापरल्या जाणाऱ्या त्या सिरपातल्या शर्करेत फ्रुक्टोज सुमारे ५५ टक्के असते आणि साखर पचल्यावर ते ५० टक्के मिळते. उद्योगांनीही या भीतीचा दोन्ही बाजूंनी फायदा घेऊन पाहिला आहे. या सिरपाला ‘कॉर्न शुगर’ म्हणू द्यावे हा अर्ज अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२ मध्ये फेटाळला, आणि उसाच्या साखरेला ‘आटवलेला उसाचा रस’ असे सोज्वळ नाव देऊ नये, असे त्याच प्रशासनाने २०१६ मध्ये बजावले. सगळ्या शर्करा एका गटात छापल्या गेल्या तर हा नावांचा खेळ पुष्कळसा आपोआप थंडावेल.

पाकिटाच्या पुढच्या बाजूच्या इशाऱ्यांबद्दल या पत्रात फार लिहीत नाही. चिलीने २०१६ पासून शर्करा वगैरे जास्त असल्याचे सांगणारे काळे अष्टकोन लावले, तुम्ही २०२१ मध्ये त्याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली, ते बरेच झाले. चिलीत त्यानंतर अनेक पदार्थांत शर्करेच्या जागी स्वीटनर, म्हणजे शर्करेविना गोडी देणारे पदार्थ, आले, आणि वजन आटोक्यात ठेवण्यासाठी स्वीटनर वापरू नयेत असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सुचवले. म्हणजे पुढचा इशारा वाचून मागचे पान उलटून पाहणाऱ्याला तिथे सरळ माहिती मिळण्याची गरज वाढलीच आहे. आणि ती वाचता येईल एवढ्या अक्षरांत मिळावी. युरोपीय संघाने ठरवलेली १.२ मिलिमीटर ही लहान अक्षराची किमान उंची भिंगाशिवाय वाचणाऱ्या वृद्धांच्या दृष्टीने मला तुटपुंजीच वाटते.

तेव्हा माझी विनंती अशी आहे. सर्वसाधारण लेबलिंग मानकात सर्व शर्करायुक्त घटक एका शीर्षकाखाली, कंसात नावे देऊन आणि एकत्रित वजनानुसार क्रम लावून लिहिण्याची तरतूद करावी. पोषण-लेबलिंगच्या सूत्रांत एकूण शर्करेच्या खाली मुक्त शर्करेची ओळ असावी, तिची व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेची असावी, विकरांनी तयार झालेली शर्करा तीत धरावी, आणि पडताळणी उत्पादकांच्या नोंदींवरून व्हावी. छोट्या उत्पादकांना यासाठी जादा मुदत द्यावी लागेल, ती जरूर द्यावी. व्याख्येवर सदस्य देशांत बराच काळ खल होईल याचीही मला कल्पना आहे. म्हणून, दोन्ही गोष्टी एकदम जमत नसतील तर दुसरीसाठी पहिली अडवून ठेवू नये. यादीतला गट आधी करावा. त्यासाठी नवे मोजमाप लागत नाही, उत्पादकाकडे वजने आधीपासून असतात, आणि वेष्टनाच्या पुढच्या छपाईपासून तो छापता येतो.

कळावे,

आपली नम्र,
लेबल वाचून खरेदी करणारी एक ग्राहक